इलेक्ट्रिक सेडानला वॅगनची पाठ हवी का?

मावशीची व्हीलचेअर घडी केली की जाडीला तीस-एक सेंटीमीटर होते. उंची मात्र घडी केली तरी तेवढीच राहते, नव्वद सेंटीमीटरच्या आसपास. एका मित्राने नवीकोरी इलेक्ट्रिक सेडान घेतली आणि मावशीला दवाखान्यात न्यायला मोठ्या हौसेने ती काढली. डिकी चारशे लिटरच्या वरची, गाडी लांबलचक. पण खुर्ची उभी जाईना, आडवी घातली तर पाय ठेवायच्या पट्ट्या अडकायच्या, त्या काढल्या तर मागचं मोठं चाक झाकणाच्या बिजागरीला घासायचं. तिसऱ्या खेपेला गेली एकदाची. मावशीची पिशवी, काढलेल्या पट्ट्या आणि खुर्चीची उशी घेऊन मी मागच्या सीटवर बसलो. डिकीत जागा होती, डिकीच्या दारात नव्हती.

इलेक्ट्रिक सेडान 'स्टेशन वॅगन'च्या रूपातही विकावी का, या वादाचं मूळ त्या दारात आहे. हा वाद सध्या गाजतोय, कारण गेल्या काही वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी तसं करून दाखवलं. २०२० मध्ये एमजी५, २०२१ मध्ये पोर्शे टायकानची क्रॉस टुरिस्मो, २०२३ मध्ये प्यूजो ३०८ आणि ओपेल अ‍ॅस्ट्राच्या इलेक्ट्रिक वॅगन आणि चीनच्या निओची ईटी५ टूरिंग, तर २०२४ मध्ये बीएमडब्ल्यू आय५ टूरिंग, फोक्सवॅगन आयडी.७ टूरर आणि ऑडी ए६ अवांत ई-ट्रॉन. उरलेल्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांनी मग साहजिकच विचारलं, आमच्या सेडानचं काय?

आधी नावं नीट लावून घेऊ

सेडान म्हणजे तीन खोल्यांची गाडी: पुढे यंत्र, मध्ये माणसं, मागे सामान. मागची काच जागेवर पक्की असते आणि फक्त तिच्याखालचं झाकण उघडतं. 'लिफ्टबॅक' दिसायला सेडानच, पण झाकणाबरोबर मागची काचही वर उचलली जाते, त्यामुळे तोंड मोठं होतं. स्टेशन वॅगनमध्ये टप खाली न उतरता थेट शेवटपर्यंत जातो आणि मागे जवळजवळ उभं दार येतं. सेडान खणासारखी, वॅगन कपाटासारखी. खणात लिटर कितीही असोत, खणापेक्षा उंच वस्तू त्यात जात नाही.

नाव आलं रेल्वेमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रेल्वे स्टेशनवरून प्रवासी आणि त्यांच्या ट्रंका आणणाऱ्या गाड्यांना स्टेशन वॅगन म्हणू लागले. ब्रिटिश तिला इस्टेट म्हणतात, जर्मन कोम्बी. कंपन्यांनी अवांत, टूरिंग, टूरर अशी आपापली नावं ठेवली असली तरी वस्तू एकच.

टेस्लाची २०१२ ची मॉडेल एस सगळे सेडान म्हणून ओळखतात, पण ती लिफ्टबॅक आहे. तिच्या डिकीत मागे तोंड करून बसायच्या दोन छोट्या सीट मुलांसाठी जादा पैसे देऊन मिळायच्या. ही जुन्या अमेरिकन वॅगनचीच चाल. टेस्लाने खरी वॅगन मात्र कधीच काढली नाही. शेवटी २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका कारागीर कंपनीने एका गिऱ्हाइकासाठी मॉडेल एसचा मागचा भाग कापून तिची वॅगन बनवून दिली.

बॅटरी फरशीखाली गेली आणि गुडघे वर आले

इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी एखाद्या गादीसारखी फरशीखाली पसरलेली असते, साधारण दहा ते पंधरा सेंटीमीटर जाडीची. तेवढी फरशी वर येते. मग एकतर टप वर न्यायचा, नाहीतर माणसाला खाली बसवायचं.

सेडानमध्ये टप वर नेता येत नाही. उलट मागच्या सीटच्या डोक्यावरून तो उतरू लागतो, कारण हवेला तशी पाठ आवडते. मागे बसणारा मग दोन्हीकडून दाबला जातो. पाय उंचावर, गुडघे छातीकडे, डोकं टपाला. पोर्शेच्या अभियंत्यांनी टायकानमध्ये यावर तोड म्हणून मागच्या प्रवाशांच्या पायांपाशी बॅटरीतच खळगे ठेवले आणि त्यांना 'फूट गॅरेज' असं नाव दिलं. म्हणजे पायाला जागा मिळावी म्हणून बॅटरीचे काही सेल कमी करायची वेळ आली.

वॅगनचा टप मागच्या सीटवरून सरळ पुढे जातो, त्यामुळे डोक्यावर काही सेंटीमीटर मोकळे मिळतात. वॅगन म्हटलं की आपण सामानाचाच विचार करतो. पण इलेक्ट्रिक गाडीत वॅगनचा पहिला फायदा मागे बसणाऱ्या उंच माणसाला होतो, आणि तो विकणाऱ्यांच्या तोंडून मी फारसा ऐकलेला नाही.

अकरा लिटर पेट्रोलची गाडी

आता हवेकडे वळू, कारण वॅगनवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप तिथेच आहे.

१०० युनिट वीज मावणारी बॅटरी मोठी समजली जाते. (बॅटरीच्या भाषेतला किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिट.) एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ही मोठी बॅटरी पूर्ण भरली तरी तिच्यात सुमारे अकरा लिटर पेट्रोलइतकीच ऊर्जा असते. पेट्रोलचं इंजिन निम्म्याहून बरीच जास्त ऊर्जा उष्णतेत घालवतं, इलेक्ट्रिक मोटर फार थोडी घालवते, म्हणून तेवढ्यावर पाचशे-सातशे किलोमीटर निघतात. पण ज्याच्या खिशात थोडकेच पैसे आहेत तो पै-पैचा हिशेब ठेवतो. पेट्रोलच्या गाडीची पाठ कशी आहे याने टाकीला फारसा फरक पडत नव्हता. इथे पडतो.

धावत्या गाडीच्या खिडकीतून तळहात आडवा धरा, मग उभा करा. हाताला जे जाणवतं तोच हवेचा अवरोध. तो तीन गोष्टींवर ठरतो. एक, आकार किती गुळगुळीत आहे. याचा एक आकडा असतो, ड्रॅग कोएफिशंट, आपण त्याला 'हवेचा आकडा' म्हणू. जितका कमी तितका चांगला. दोन, गाडी समोरून किती मोठी दिसते. तीन, वेग. यात वेगाचा वर्ग होतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की अवरोध चौपट.

गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि ती गाडीला मागे ओढते. पाठ हळूहळू उतरती असेल तर हवा तिला चिकटून खाली येते आणि पोकळी लहान राहते. म्हणून सेडान आणि लिफ्टबॅक यात पुढे. वॅगनच्या मागे ही पोकळी मोठी. पण तोटा वाटतो तेवढा नसतो. वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याचं नाव १९३० च्या दशकातल्या ज्या कामाशी जोडलं जातं, त्यातून दिसलं की लांब निमुळती शेपटी मध्येच धारदार कापली तरी बराचसा फायदा टिकतो. म्हणून आजच्या वॅगनच्या टपाला शेवटी छोटं पंख असतं आणि मागच्या कडा गोल न ठेवता टोकदार ठेवतात. हवेला नीट सुटू द्यायचं, कोपऱ्यावरून घोटाळू द्यायचं नाही.

प्रत्यक्षात किती किलोमीटर जातात?

एकाच गाडीची दोन रूपं शेजारी ठेवली की कळतं. ऑडी ए६ ई-ट्रॉनच्या लिफ्टबॅकचा हवेचा आकडा ०.२१, वॅगनचा ०.२४. लिफ्टबॅकची जाहीर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जायचं अंतर, साडेसातशे किलोमीटरहून थोडी जास्त, वॅगनची ७२० च्या आसपास. बीएमडब्ल्यू आय५ चे आकडे ०.२३ आणि ०.२६, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या मॉडेलची रेंज जास्तीत जास्त ५८२ आणि ५६० किलोमीटर. फोक्सवॅगन आयडी.७ मध्ये ०.२३ आणि ०.२४. तिन्हीकडे घट तीन ते पाच टक्क्यांची.

हे आकडे युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीचे आहेत आणि त्या चाचणीचा सरासरी वेग ताशी साडेशेहेचाळीस किलोमीटर असतो. त्या वेगाला हवा फार त्रास देत नाही. महामार्गावरचा हिशेब मी स्वतः करून पाहिला. ताशी ११० किलोमीटर स्थिर वेग आणि समोरचं क्षेत्रफळ २.३ चौरस मीटर धरलं, तर १०० किलोमीटरला ०.२१ वाली गाडी हवेसाठी साडेसात युनिट खाते आणि ०.२४ वाली ८.६. टायरच्या घर्षणाचे सुमारे सहा युनिट दोघींना सारखेच. म्हणजे वॅगन सात-आठ टक्के जास्त खाते. सेडान जिथे ४०० किलोमीटर जाईल तिथे वॅगन ३७० जाईल. तीस किलोमीटर कमी. लांबच्या प्रवासात चार्जिंगला दोन-तीन मिनिटं जास्त थांबावं लागेल. मी एवढी किंमत मोजायला तयार आहे, पण ही किंमतच नाही असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

"मग एसयूव्ही आहेच की!"

हा प्रश्न हमखास येतो, आणि बाजाराने उत्तर दिलेलंही आहे. उंच दार, मोठं तोंड, मागे डोक्याला जागा, हे सगळं एसयूव्हीत मिळतं. बॅटरीने फरशी वर उचलली तर टपही वर उचला, हिशेब मिटला.

फक्त तो बॅटरीच्या नावावर मांडला जातो. ए६ ई-ट्रॉन ज्या सांगाड्यावर बनते त्याच सांगाड्यावर ऑडीची क्यू६ ई-ट्रॉन ही एसयूव्हीही बनते. तिचा हवेचा आकडा ०.२८. शिवाय ती उंच, म्हणजे समोरून मोठी. क्षेत्रफळ २.६ चौरस मीटर धरून वरचाच हिशेब केला तर फक्त हवेसाठी ११.३ युनिट जातात. वॅगनने सेडानच्या खर्चात एक युनिट वाढवलं होतं, एसयूव्ही जवळपास चार वाढवते.

इथे कुणीतरी टेस्लाचं उदाहरण देतं: सुरुवातीच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय, दोन्हींचा जाहीर आकडा ०.२३ होता, मग फरक कुठे? फरक दुसऱ्या गोष्टीत. मॉडेल ३ ची उंची १४४३ मिलिमीटर, मॉडेल वायची १६२४, आणि ती रुंदही जास्त. आकार तितकाच गुळगुळीत असला तरी भिंत मोठी आहे. जाहिरातीत हवेचा आकडा ठळक छापतात, समोरचं क्षेत्रफळ सहसा छापत नाहीत.

एसयूव्हीची एक बाजू मात्र खरी आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच सीटवर बसणं आणि उतरणं सोपं जातं. मावशीचं मत विचाराल तर ती एसयूव्हीलाच देईल. तिची खुर्ची उचलणारा मी वॅगनला देईन, कारण वॅगनच्या डिकीचा उंबरठा खाली असतो आणि वजन कमरेच्या वर न्यावं लागत नाही.

आणि सेडानवाले सामान जास्त झालं की काय करतात? टपावर पेटी बसवतात. ज्या गाडीची पाठ हवेसाठी मिलिमीटर मिलिमीटरने घासली, तिच्या डोक्यावर ट्रंक. पेटीने क्षेत्रफळही वाढतं आणि आकारही बिघडतो, वॅगनच्या पाठीपेक्षा जास्तच.

लिटरचा आकडा बघून फसू नका

आता मला पटलेल्या बाजूचा कच्चा दुवा. ए६ ई-ट्रॉनच्या लिफ्टबॅकची डिकी ५०२ लिटर. वॅगनची? तीही ५०२ लिटर. मागच्या सीट पाडल्यावर १३३० आणि १४२२. फरक शंभर लिटरही नाही. मग वॅगन कशाला घ्यायची?

अर्धं उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. युरोपात डिकी मोजताना २००, १०० आणि ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे तिच्यात रचतात आणि मोजतात. सीट उभ्या असताना हे ठोकळे सामान झाकायच्या पडद्यापर्यंतच रचले जातात. वॅगनची खरी मिळकत त्या पडद्याच्या वर असते आणि ती या आकड्यात येतच नाही. शिवाय ठोकळा हा विटेएवढा, कुठल्याही कोपऱ्यात शिरतो. व्हीलचेअर शिरत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर कंपन्यांना आवडणार नाही. बऱ्याच नव्या इलेक्ट्रिक वॅगनची मागची काच इतकी तिरकी ठेवली आहे की वॅगन फोटोत छान दिसते आणि कपाटाचा वरचा कप्पा गायब होतो. रेंजच्या भीतीने टपही शेवटी खाली वाकवतात. म्हणजे सेडानपेक्षा जास्त वीज खायची आणि वॅगनएवढं सामानही घ्यायचं नाही. याउलट आय५ मध्ये सेडानची डिकी ४९० आणि टूरिंगची ५७० लिटर, सीट पाडल्यावर १७००. आयडी.७ मध्ये ५३२ आणि ६०५, सीट पाडल्यावर १५८६ आणि १७१४. वॅगन काढायचीच तर ती अशी पाठ सरळ ठेवून काढावी. नुसतं नाव बदलायचं असेल तर लिफ्टबॅकच बरी.

"पुढच्या बॉनेटखाली डिकी असते ना" हा आक्षेप लवकर निपटतो. ए६ मध्ये ती २७ लिटरची आहे. चार्जिंगची केबल मावते.

कंपन्या कचरतात कशाला?

पुढच्या काचेपासून मधल्या खांबापर्यंत सगळं तेच, बॅटरी तीच, मोटर तीच, सॉफ्टवेअर तेच. वरवर पाहता नुसता टप लांबवायचा. पण गाडीचा पत्रा प्रचंड वजनाच्या पोलादी साच्यांत दाबून घडवतात, आणि बाजूचा पूर्ण पत्रा, टप, मागचं दार यांचे साचे नव्याने करावे लागतात. हा खर्च थोड्या गाड्यांवर पसरला तर गाडी महाग पडते.

त्यात सेडानच्या मागच्या सीटच्या पाठीशी एक आडवी भिंत असते. ती सामान अडवते आणि सांगाड्याला ताठही ठेवते. झाकणासह आणि झाकणाशिवाय खोका हातात धरून पिळून बघा, फरक कळेल. वॅगनमध्ये ती भिंत नाही, म्हणून मागच्या दाराभोवतीची चौकट जाड करावी लागते आणि वजन वाढतं. चाकांचा आवाजही मोकळ्या पोकळीतून थेट कानाशी येतो, आणि तो झाकायला इंजिन नसतं. मागे वायपर लागतो, कारण मघाशी सांगितलेली ती पोकळी रस्त्यावरचं पाणी आणि चिखल उचलून उभ्या काचेवर आणून फासते.

आणि गिऱ्हाईक सगळीकडे सारखं नाही. युरोपात, विशेषतः जर्मनी आणि स्वीडनमध्ये, वॅगन ही घरटी वस्तू आहे. अमेरिकेत तिची जागा आधी १९८४ मॉडेलच्या क्रायसलर मिनीव्हॅनने घेतली, मग एसयूव्हीने. तिथल्या इंधन नियमांत एसयूव्ही बहुतेककरून हलक्या ट्रकच्या सैल गटात मोजल्या जात आणि वॅगन मोटारीच्या कडक गटात, याचाही हात होता. म्हणून जी सेडान युरोपात विकली जाते तिची वॅगन काढण्यात अर्थ आहे. जी फक्त अमेरिकेसाठी आहे तिच्या मालकाला मी आग्रह करणार नाही.

जागा आहे, पण वजनाची परवानगी आहे का?

हे बहुतेक लोक विसरतात. प्रत्येक गाडीला एकूण किती वजन चालेल याची मर्यादा ठरलेली असते. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की माणसं आणि सामानासाठी उरतं ते 'पेलोड'. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे आधीच जड. समजा पेलोड ४८० किलो आहे. ७५ किलोची पाच माणसं बसली की ३७५ गेले, उरले १०५. सतराशे लिटरचं कपाट असून त्यात पुस्तकांची खोकी भरता येणार नाहीत. हलक्या आणि मोठ्या वस्तू, म्हणजे सायकल, पाळणा, घडीचं टेबल, कुत्र्याचा पिंजरा, यांच्यासाठी वॅगन उत्तम. पेलोडचा आकडा गाडीच्या कागदपत्रांत असतो आणि विक्रेत्याला तो सहसा पाठ नसतो.

मित्र आता त्याच्या सेडानची वॅगन येईल म्हणून वाट पाहतोय. आली तर दुकानात जाताना मीटर-टेप न्यायचा, असं आमचं ठरलंय. मागच्या दाराच्या तोंडाची उंची, तिरक्या काचेखाली खरी उरणारी उंची, उंबरठा जमिनीपासून किती, आणि सीट पाडल्यावर फरशी सपाट होते की मध्ये पायरी येते, एवढं मोजायचं. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "टेप कशाला? खुर्चीच घेऊन जा."